एकाच रंगाचा दोरा

भादव्याचं ऊन अंगाला चावायला लागलं की मी उजव्या अंगठ्याचं नख कापायचं बंद करते. बाकीची नऊ नेमानं कापते. हे एक ठेवते, दिवाळी होईपर्यंत. माझी सून ऋचा दरवर्षी म्हणते, आई, तुमचं एक नख विसरलं. आणि मी दरवर्षी सांगते, विसरलेलं नाही, ते कामावर आहे. खरं तर काम सुटून बारा वर्षं झाली. गारखेड्यातल्या या दुसऱ्या मजल्यावर माझ्या नखाला करण्यासारखं काहीही उरलेलं नाही. पण भादवा आला की त्याला कोण समजावणार.

यंदा ऋचानं गच्चीवर कुंडीत भेंडी लावली. परवा सकाळी तिला पहिलं फूल आलं. फिकट पिवळं, पोटात गडद जांभळा डाग. भेंडी आणि कपाशी चुलत बहिणी, फुलाचा चेहरा एकच. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि शेजारच्या कळीकडं बघितलं. उद्या उमलणारी कळी लगेच कळते, हिरव्या वाटीतून मान बाहेर काढून बसलेली असते. माझा अंगठा तिच्या बुडाशी कधी गेला ते मला कळलं नाही. नख लावलं, गोल फिरवलं, आणि पाकळ्यांची टोपी परागासकट अलगद हातात आली. एवढ्या वर्षांनी हाताला सगळं पाठ होतं. मग लक्षात आलं की आपण घरातली एक भेंडी कमी केली. ऋचाला अजून सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद पसरून बसली होती. वाळूजला एका कंपनीत तिच्या हाताखाली बारा जणं आहेत. काम मागं पडलंय, वरून दट्ट्या आहे, म्हणून तिनं नावांचा एक तक्ता करायला घेतला होता. प्रत्येकाचा वेगळा रंग. ज्याचं काम जास्त त्याच्यापुढं सोनेरी चांदण्या, आणि महिन्याच्या शेवटी ज्याच्या चांदण्या जास्त त्याला बक्षीस. पोरीनं कौतुकानं दाखवला. छान आहे, असं मी म्हणाले आणि उठून आत गेले. असा एक तक्ता मीही केला होता, आणि तो कडुनिंबाच्या झाडाला खिळ्यानं ठोकला होता.

फुलंब्रीच्या अलीकडं, सडकेपासून अर्धा कोस आत, चार एकर कपाशी. कापसासाठी नाही, बियाण्यासाठी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, एका बियाणे कंपनीची सुपरवायझर, औरंगाबादेतून रोज सकाळच्या एसटीनं जाणारी. हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यात हवा. कंपनी आता राहिली नाही, आणि डोक्यातली हवा तर त्याच शेतात उतरली.

काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शेतात कपाशीच्या दोन जातींच्या ओळी असत. कंपनीच्या कागदावर त्यांना मादी आणि नर म्हणत. आमच्या बायकांना हे शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटे. त्यांनी पहिल्याच दिवशी आईच्या ओळी आणि बापाच्या ओळी अशी नावं पाडली, आणि महिनाभरात साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले. दुपारी तीननंतर आईच्या ओळींतल्या, उद्या उमलणाऱ्या कळ्या हुडकायच्या. नखानं सोलायच्या, परागाचा कणही राहू द्यायचा नाही, वर लाल पातळ कागदाची पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून बापाच्या फुलाचा पराग तिथं टेकवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, की हे बोंड दोन जातींचं, याचं बी खरं. पुढं वेचणी करताना दोऱ्याचीच बोंडं घ्यायची. सोलायची राहून गेलेली कळी मात्र सकाळी आपली आपण उमलते आणि स्वतःच्याच परागानं फळते. तिचं बी खोटं. असं फूल दिसलं की तोडून टाकायचं. एवढाच नियम होता.

आणि हे सगळं अडीच महिने, रोज. फुलाला रविवार नसतो.

त्या दिवसांचं मला काय काय आठवतं. पाऊस उघडलेला असायचा आणि काळ्या रानातून वाफ वर यायची, साडीच्या आत शिरायची. कपाशीच्या पानांचा चिकटा कोपरापर्यंत. अठरा बायकांच्या अठरा अंगठ्यांची नखं परागानं पिवळी, भाकरी मोडताना ती पिवळी नखं आधी दिसायची. पाच वाजता ऊन कलतं झालं की चार एकरभर लाल पिशव्या पेटल्यासारख्या दिसत. मुंग्या पायावर चढायच्या, कुणी लक्ष द्यायचं नाही. वाऱ्यावर कधी सडकेवरच्या ट्रकचा हॉर्न यायचा, मग परत नुसता बांगड्यांचा आवाज.

अठरा जणींत दोघींची ओळख करून द्यायला हवी. गयाबाई पंचेचाळिशीची, उंच, बोलायची इतकं हळू की सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागे. घरची तीन एकर कोरडवाहू. दुसरी शकीलाबी, तिचा नवरा फुलंब्रीत सायकली दुरुस्त करायचा. सगळ्या तिला आपा म्हणत. बारीक अंगाची, हाताला भलती साफ. तिनं सोललेल्या कळीत भिंग घेऊन शोधलं तरी परागाचा कण सापडत नसे. दोघी मला ताई म्हणायच्या, मी दोघींच्या लेकीच्या वयाची असून.

पहिल्या वर्षी मी आठ दिवसांचं एक शिबिर करून आले होते. तिथं टाय लावलेल्या एका माणसानं सांगितलं होतं की माणसाला चुरस लावा, माणूस धावतो. झालं. मी गुलमंडीवरून अठरा रंगांचे दोरे आणले. प्रत्येकीला एक रंग. कडुनिंबावर नावांचा तक्ता. रोज कुणी किती दोरे बांधले त्याचा आकडा त्यावर खडूनं. आणि हंगामाच्या शेवटी पहिली येईल तिला स्टीलचा मोठा, झाकणाचा डबा. तो डबा मी तक्त्याच्या शेजारी फांदीला टांगला, येता जाता दिसावा म्हणून. काय माझी हुशारी.

दोरे वाढले. आठवड्यात दीडपट. साहेब जीपनं आले, तक्ता बघून खूश झाले, माझ्या पाठीवर शाबासकी पडली. संध्याकाळी मी बांधावरून चालायचे, झाडाझाडाला रंगीत दोरे हलत असायचे, आणि मला वाटायचं काय देखणं रान केलंय मी. बायका एकत्र जेवायच्या बंद झाल्या हे दिसत होतं. ज्या ओळीला फूल जास्त ती धरायला पहाटे पहाटे पळापळ होते, हेही दिसत होतं. मला ती कामाची ओढ वाटली. डबा गयाबाईला मिळाला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, लाजली.

बियाणं विकायच्या आधी त्यातलं थोडं पेरून बघतात. कंपनीचं चाचणीचं रान शहराच्या कडेला होतं. शिमगा झाल्यावर साहेबांनी मला तिथं नेलं. आमच्या बियाण्याची ओळ उंच, एकसारखी असायला हवी होती. तिथं दहा झाडांत दोन-तीन बुटकी, आईवर गेलेली. न सोललेल्या फुलांचं खोटं बी. साहेब ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. सगळं बियाणं तेलाच्या घाण्याला गेलं. मग त्यांनी सांगितलं की या प्लॉटला अजून एकच वर्ष. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या तालुक्यात हलवू, आणि तुम्हीही दुसरी नोकरी बघा.

माझं जाऊ द्या. पण त्या अठरा जणींना घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सलग अडीच महिने, असं दुसरं काम नव्हतं. हे नसतं तर शहरात बांधकामावर, पोरंबाळं गावात ठेवून. गयाबाईची धाकटी जाऊ दोन वर्षं तशी गेली होती. तिचं पोर आईला ओळखेनासं झालं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळं ते एक वर्ष म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. चाचणीच्या रानातून मी दोन झाडं उपटली, एक उंच, एक बुटकं, आणि बसमधून घरी आणली. कंडक्टर चिडला. मी त्याच्याहून जास्त चिडलेली होते.

श्रावणात काम सुरू झालं त्या पहिल्या दिवशी अठरा जणींना कडुनिंबाखाली बसवलं आणि तासभर बोलले. न सोललेल्या फुलाला दोरा कुणी बांधला, एवढंच विचारत होते. समजावलं, धमकावलं, देवाची शपथ घातली. एकीनं तोंड उघडलं नाही. सगळ्या खाली बघून गवताच्या काड्या मोडत बसल्या. मी तरातरा निघून आले, आणि एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले. रागानं रडले, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरून शेतावर पोचते तर गयाबाई एकटीच कडुनिंबाखाली उभी. हातात तो डबा. तिनं तो माझ्या पायाशी ठेवला. डबा कोरा होता, एकदाही वापरलेला नव्हता.

"ताई, तुमी दोरे मोजले," ती म्हणाली. "फुलं कुणी मोजली?"

मग तिनं हळूहळू सांगितलं. डब्यावर डोळा होताच, ते तिनं लपवलं नाही. पण नुसतं तेवढं नव्हतं. सकाळी ओळीत शिरलं की एखादं राहून गेलेलं फूल समोर उमललेलं असायचं, ताजं, तळहाताएवढं. तोडून टाका म्हणून मी सांगितलं होतं. आता जिची सगळी हयात कपाशीत गेली, फूल म्हणजे बोंड आणि बोंड म्हणजे कापूस हेच जिनं आयुष्यभर बघितलं, तिनं चांगलं उमललेलं फूल तोडून फेकायचं कसं? हात पुढं व्हायचा आणि थांबायचा. मग दोरा बांधला की सगळंच भागायचं. फूलही वाचायचं, आकडाही वाढायचा. एकीचं बघून दुसरीनं केलं. "त्या बियाचं फुडं काय व्हतं, हे आमाला कुणी सांगितलं व्हतं?" असं तिनं शेवटी विचारलं.

कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचंच नाही असा साहेबांचा हुकूम होता. बायकांना जास्त कळलं की त्या दुसऱ्या कंपनीकडं जातात म्हणे. आणि मीही कधी विचार केला नव्हता की ज्या हातांकडून मला खरं बी हवंय, त्यांना खरं काय आणि खोटं काय हे माहीत तरी आहे का. मी खाली बसले. लाज वाटली. इतकी की मान वर होईना.

ऋचाला हे सांगताना मी इथं थांबले. मी उठून आले तशी तीही मागोमाग आत आली होती आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली होती. कागद कापायची कात्री अजून तिच्या हातात होती. तिनं विचारलं, मग तुम्ही साहेबांचा हुकूम मोडलात? मी म्हटलं, मोडला, त्याच दुपारी.

दुपारी मी ती दोन वाळलेली झाडं सगळ्यांच्या मधे ठेवली. एक माझ्या खांद्याएवढं, बोंडांच्या टरफलांनी भरलेलं. एक गुडघ्याएवढं. सांगितलं की हे उंच झाड तुमच्या खऱ्या दोऱ्याचं, हे बुटकं खोट्या दोऱ्याचं. पिशवीत भरताना दोन्ही बिया सारख्याच दिसतात, मी नाही ओळखू शकत, साहेबही नाही. ती पिशवी कुणीतरी विकत घेतं आणि पेरतं. शकीलाबी पुढं सरकली. तिनं ते बुटकं झाड उचललं आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत राहिली. तिची धाकटी बहीण अजिंठ्याकडं दिलेली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या रानात अशीच मधे मधे बुटकी झाडं निघाली होती. बहिणीला वाटलं आपल्याच खुरपणीत काही चुकलं. सासरच्यांनीही तेच धरलं, वर्षभर तिला ऐकवलं.

"वो बिचारी समझी, उसकाच हात खराब है," शकीलाबी म्हणाली. झाड खाली ठेवलं आणि तिनं एकेकीकडं बघितलं. "किसी ने तो दोरा बांधा होंगा."

आज कुणी गवताच्या काड्या मोडत नव्हतं, सगळ्या त्या बुटक्या झाडाकडं बघत होत्या.

तिथून पुढं ते रान माझं राहिलं नाही, त्यांचं झालं. नियम मी केले नाहीत, त्यांनी केले, मी नुसती हो म्हणत गेले. तक्ता खाली उतरला आणि चुलीत गेला. दोरा एकाच रंगाचा, पांढरा. दोघीदोघींची जोडी. दुपारी एकीनं सोलायचं आणि सकाळी त्याच ओळीत दुसरीनं पराग लावायचा, म्हणजे हिची राहून गेलेली फुलं तिला दिसतील, आणि तिची हिला. आणि ती राहून गेलेली फुलं तोडून टाकायची कुठं? त्या डब्यात. बक्षिसाचा डबा झाडाखाली उघडा ठेवला. सकाळी दहाला तो गोणपाटावर पालथा करायचा, सगळ्यांनी बघायचं, कुणाची ओळ ते विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी डबा काठोकाठ भरला. ते बघून माझ्यातला शिबिरवाला जागा झाला. मी म्हटलं, जी राहिलेली फुलं जास्त शोधून आणील तिला आपण काहीतरी देऊ या. गयाबाईनं माझ्याकडं बघितलं, आईनं बघावं तसं.

"मंग उद्या कळ्या मुद्दाम सोडतील, ताई. मीच सोडीन."

सगळ्या हसल्या. मला हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं. त्या दिवसापासून मी एक ओळ स्वतः धरली आणि अंगठ्याचं नख वाढवलं. सगळ्यात जास्त राहिलेली फुलं माझ्याच ओळीत निघायची. आपली जोडी सांभाळून शकीलाबी माझ्याही ओळीची जोडीदार झाली. ती सकाळी माझी फुलं डब्यात टाकताना एक एक करून, मला दाखवून टाकायची. दोन आठवड्यांत डब्याचा तळ दिसायला लागला, दुपारच्या भाकरी पुन्हा एका गोलात सुटायला लागल्या, आणि कुणाच्या ठेच्यात मीठ जास्त यावरून भांडणंही सुरू झाली. मला एवढं बरं वाटलं त्या भांडणांचं.

आणि मग महालक्ष्म्या आल्या. बरोबर फुलांचा जोर असताना. आमच्याकडं तीन दिवस, आणि मधला दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, पुरण, आंबील. त्या दिवशी घरची सून घरात नाही असं होऊच शकत नाही. अठरातल्या बारा जणींच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या. साहेबांनी निरोप धाडला की गैरहजर राहील तिला कमी करा. मी तो निरोप बायकांपर्यंत पोचूच दिला नाही. साहेबांना कळवलं की त्या दिवसाची जबाबदारी माझी, नंतर काय ते मला बोला. पण जबाबदारी घेतली म्हणून कळ्या उमलायच्या थोड्याच थांबतात? त्या एका दुपारी जेवढ्या कळ्या सोलायच्या राहतील, तेवढी दुसऱ्या दिवशी खोटी फुलं. एवढ्यानं चाचणी पुन्हा बिघडू शकत होती.

बायकांनी सावड करायचं ठरवलं. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, असं आपल्याकडं शेतकरी पूर्वापार करतात. शकीलाबी आणि तिच्या बरोबरच्या तिघी त्या दुपारी बारा जणींच्या ओळी बघणार. पुढं बकरीदेला या बारा जणी त्या चौघींच्या ओळी बघणार. दोघींच्या घरी महालक्ष्म्या नसायच्या, त्या आणि मी धरून आम्ही सात झालो. अठरा जणींचं काम सात जणींनी. होणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आदल्या दिवशी निघताना गयाबाईनं तोडगा सांगितला. होतील तेवढ्या सोला, राहतील त्या कळ्या तोडून टाका, उमलायला एकही ठेवायची नाही. हे ती सांगत होती, जिच्यानं उमललेलं एक फूल तोडवत नव्हतं. बोंडं कमी भरतील, साहेबांना दिलेला अंदाज चुकेल, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हटलं, ठीक.

दुसऱ्या दिवशी तीनपासून आम्ही मान वर केली नाही. कुठूनतरी गावातून झांजांचा आवाज येत होता. पाच वाजले, ऊन डोळ्यांवर आलं, आणि निम्म्याहून जास्त ओळी तशाच उभ्या होत्या. मी म्हटलं, आता तोडू या. शकीलाबी गयाबाईच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. हात पुढं नेला, मागं घेतला. मला म्हणाली, ताई, पैले तुम. मी पहिली कळी तोडली. टच असा बारीकसा आवाज होतो. मग दुसरी, तिसरी. मग तिनं सुरुवात केली. आम्ही सातही जणी चांगल्या चांगल्या कळ्या तोडत निघालो. हाताला ते काम येत होतं आणि मनाला येत नव्हतं.

अर्धी ओळ झाली असेल, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला काहीतरी हललं. गयाबाई होती. सणाची हिरवी साडी वर खोचलेली, कपाळावर मळवट, हाताला हिंगाचा वास. घरच्या पंगती उठवून ती कलत्या उन्हात चालत आली होती, आणि मागं अजून चौघी. आपल्या ओळीच्या त्या टोकापासून तिनं कळ्या तोडायला घेतल्या. शकीलाबी इकडून, ती तिकडून, मधे दोघी भेटल्या. तोडलेल्या कळ्या तिनं मातीत पडू दिल्या नव्हत्या, पदरात धरल्या होत्या. शकीलाबीनं आपल्या ओढणीतल्याही तिच्या पदरात ओतल्या. त्या सगळ्या कळ्या त्या संध्याकाळी महालक्ष्म्यांपुढं गेल्या. सोळा भाज्या झाल्यात, ही सतरावी, असं गयाबाई म्हणाली आणि अंधार पडायच्या आत घराकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डबा गोणपाटावर पालथा केला. चार एकरांत मिळून तीन फुलं पडली. पुढं बकरीदेला बारा जणी उजाडताच हजर होत्या, हे वेगळं सांगायला नको.

ऋचानं विचारलं, मग पास झालं का बियाणं? आजच्या मुलांना निकाल आधी लागतो. मी म्हटलं, तेच सांगतेय.

शिमगा झाल्यावर चाचणीच्या रानाचा निरोप आला. मी साहेबांना कळवलं की मी एकटी येणार नाही, अठरा जणींना घेऊन येईन. ते म्हणाले, मजुरांचं तिथं काय काम. मी म्हटलं, बी त्यांचं आहे, त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षीसाठी दुसरी सुपरवायझर शोधा. टेम्पो केला. बायका साड्या नीटनेटक्या करून, डोक्यावर पदर घेऊन, गप्प बसून आल्या, जशा काही दवाखान्यात कुणाला बघायला निघाल्यात.

रानात आमची ओळ दुरूनच दिसली. उंच, एकसारखी, बोंडांनी लगडलेली. साहेबांच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर हसू. पास होतं. पण बायका कागदाकडं बघायला थांबल्याच नाहीत. त्या ओळींत शिरल्या आणि एकेक झाड हातानं चाचपत चालायला लागल्या. सगळ्यात पुढं गयाबाई. शेवटच्या ओळीत, टोकाजवळ, ती एकदम थांबली आणि खाली बसली.

तिच्यापुढं एक बुटकं झाड होतं. सगळ्या रानात ते एकच.

मी घाईनं म्हटलं, गयाबाई, एवढं चालतं, एखादं झाड माफ असतं, आपण पास झालोय. तिनं ऐकलं नाही. त्या झाडाचं पान बोटांत धरून बसली.

"हे माजं असंल," ती म्हणाली. "महालक्ष्म्यांच्या आदल्या दिशी डोकं घरात व्हतं माजं."

"नक्को, गयाबाई. वो मेरा है," शकीलाबी म्हणाली. "उस दिन शाम को धूप आंखों में थी."

मागून एकजण म्हणाली, माझं बी असू शकतंय. दुसरी म्हणाली, पोर आजारी होतं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. बघता बघता अठराही जणी त्या झाडाभोवती गोळा झाल्या आणि ते कुणाचं यावरून हमरीतुमरीवर आल्या. गेल्या श्रावणात त्या कडुनिंबाखाली मी तासभर विचारत होते, आणि एकीनंही मान वर केली नव्हती. सगळ्यात जास्त फुलं तर माझ्याच ओळीत राहून जायची, म्हणून मीही गर्दीत घुसले आणि म्हटलं की ते माझं आहे.

साहेब बांधावर उभे होते, हातात पासाचा कागद फडफडत होता. निघायचं का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

मी म्हटलं, थांबा जरा साहेब, अजून आमचं ठरायचंय.